बोलका संगणक : कळफलकाचा अभ्यास आणि बिघाडाची चिकित्सा

एखाद्या कार्यालयात एक अंध लिपिक संगणकावर पत्र लिहीत बसली आहे अशी कल्पना करावी. दाबलेल्या प्रत्येक अक्षराचे नाव आणि पुरा झालेला प्रत्येक शब्द तिच्या इअरफोनमध्ये उमटत आहे. पत्राची दोन पाने लिहून होतात आणि अकस्मात आवाज थांबतो. शेजारच्या डोळस सहकाऱ्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. पडदा पूर्वीसारखाच उजळलेला असतो व पत्रही जागच्या जागी असते. त्या लिपिकेपुरते मात्र पत्र, पडदा आणि यंत्र ही सारीच एका क्षणात नाहीशी झालेली असतात.

अशा वेळी तिच्यापुढे दोन मार्ग असतात. कोणास तरी हाक मारून 'पडद्यावर काय दिसते' असे विचारणे, हा एक. यंत्रालाच क्रमाने काही प्रश्न विचारून त्याच्या मौनाचे कारण शोधून काढणे, हा दुसरा. पहिल्या मार्गात कमीपणा काही नाही. परंतु हाक मारावयास दर वेळी कोणी जवळ असेलच असे नाही. दुसरा मार्ग शिकता येतो. त्यासाठी असामान्य बुद्धी लागत नाही. कळांची सवय आणि विचारांचा क्रम एवढेच लागते. प्रस्तुत लेखात या दोहोंची ओळख करून दिली आहे. विवेचनासाठी विंडोज ही कार्यप्रणाली आणि एनव्हीडीए हा विनामूल्य मिळणारा स्क्रीन रीडर आधारास घेतला आहे.

यंत्र बोलते कसे

पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावलीस स्क्रीन रीडर म्हणतात. नावावरून असे वाटते की ही आज्ञावली पडद्याकडे पाहून वाचत असावी. वस्तुतः सामान्यतः तसे नसते. कार्यप्रणाली पडद्यावर जे जे मांडते त्याची एक नोंदवही आतल्या आत ठेवली जाते. प्रत्येक बटण, प्रत्येक चौकट, यादीतील प्रत्येक ओळ यांची तीत स्वतंत्र नोंद असते. त्या नोंदीत मुख्यतः चार गोष्टी असतात : वस्तूचे नाव, तिचा प्रकार, तिची सध्याची अवस्था आणि तिच्यात भरलेला मजकूर. 'जतन करा, बटण' किंवा 'ठळक अक्षर, खुणेची चौकट, खूण केलेली' असे जे ऐकू येते ते या नोंदीचेच वाचन होय.

या नोंदवहीत एका वेळी एकच नोंद जागी असते. तिला फोकस असे म्हणतात. दाबलेली कळ कोठे लागू पडेल, हे फोकस कोठे आहे यावर ठरते. डोळस मनुष्य एका दृष्टिक्षेपात सारा पडदा पाहतो आणि मग हवे तेथे बोट नेतो. कानाला मात्र एका वेळी एकच गोष्ट कळते. म्हणून स्क्रीन रीडर वापरणाराने आपण कोठे आहोत याचे भान सतत मनात बाळगावे लागते.

बोलणे कानापर्यंत पोहोचेतो पाच दुव्यांची एक साखळी तयार होते. ज्यात काम चालू आहे तो कार्यक्रम हा पहिला दुवा. कार्यप्रणालीची नोंदवही हा दुसरा. नोंदी विचारून घेणारा स्क्रीन रीडर तिसरा. मजकुराचे उच्चारांत रूपांतर करणारा वाणी-संश्लेषक चौथा. ध्वनीचे उपकरण आणि त्यास जोडलेला इअरफोन हा पाचवा. यांपैकी कोणताही एक दुवा निसटला तरी कानाला येणारा अनुभव एकच असतो : शांतता. यंत्राचे मौन एकसारखे वाटले तरी त्याची कारणे पाच ठिकाणी असू शकतात. बिघाड शोधावयाचा म्हणजे यातील कोणता दुवा तुटला ते ओळखावयाचे. पुढील सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

थोडा पूर्वेतिहास

लेखनयंत्र आणि अंधत्व यांचा संबंध फार जुना आहे. इटलीत पेलेग्रिनो तुर्री याने एक लेखनयंत्र तयार केले होते, ते कॅरोलिना फँतोनी या अंध स्त्रीस स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत म्हणून. त्या यंत्रावर लिहिलेली १८०८ सालची पत्रे आजही उपलब्ध आहेत.

संगणकाच्या आरंभीच्या काळात पडद्यावर केवळ अक्षरे असत. पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी जागा. ती अक्षरे उचलून उच्चारणे तुलनेने सोपे होते. अमेरिकेतील आयबीएम या संस्थेत जिम थॅचर यांनी १९८६ च्या सुमारास असा एक स्क्रीन रीडर सिद्ध केला. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांनी १९८९ साली जॉज हा स्क्रीन रीडर पुढे आणला. पण याच सुमारास पडद्याचे स्वरूप पालटत होते. अक्षरांच्या जागी चित्रे, खिडक्या आणि माऊस आले. जे डोळस माणसाला सोपे झाले तेच अंध माणसाला बंद झाले. कारण चित्रातील ठिपक्यांना नाव नसते. जॉजची विंडोजवर चालणारी आवृत्ती १९९५ साली आली आणि १९९७ साली मायक्रोसॉफ्टने कार्यक्रमांनी आपल्या वस्तूंची नावे व प्रकार सांगण्याची एक पद्धत पुरवली. वर उल्लेखिलेली नोंदवही या पद्धतीतूनच वाढत आली आहे.

उत्तम स्क्रीन रीडरची किंमत ही त्यानंतरची अडचण होती. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीएच्या लेखनास आरंभ केला व पुढे त्याचा अंध मित्र जेम्स टेह त्यास येऊन मिळाला. ही आज्ञावली कोणासही विनामूल्य घेता येते, तिची रचना कोणासही पाहता येते आणि ती एका लहानशा पेन ड्राइव्हवर घालून बरोबरही नेता येते. भारतासारख्या देशात या गोष्टींचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

बोटांची ओळख

अभ्यासाचा प्रारंभ कळफलक चाचपून करावा. एफ आणि जे या दोन कळांवर एकेक बारीक उंचवटा असतो. डाव्या हाताची तर्जनी एफवर आणि उजव्या हाताची जेवर ठेवली, की उरलेली बोटे आपोआप आपापल्या जागी येतात. उजवीकडील अंकफलकावर असाच उंचवटा पाच या अंकावर असतो. हात कितीही वेळा उचलला तरी या तीन खुणांवरून तो पुन्हा ठिकाणावर आणता येतो.

मराठी लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट ही मांडणी शिकणे हितावह होय. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केलेल्या या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. उंचवट्याच्या एफ कळीवर ऱ्हस्व वेलांटी असते आणि जे कळीवर र असतो. क ज्या कळीवर आहे तिच्यावरच शिफ्ट धरून ख येतो; ग आणि घ, त आणि थ, द आणि ध यांचेही तसेच. वर्णमालेचा क्रम ज्यास पाठ आहे त्यास ही मांडणी कानानेच अर्धी समजते. शिवाय क ची कळ मराठीत जेथे आहे तेथेच ती बंगालीत, गुजरातीत आणि तेलुगूतही आहे. एका भाषेत बसलेला हात दुसऱ्या भारतीय भाषेतही फारसा चुकत नाही.

कळांचे व्याकरण

नवशिक्याला शेकडो कळजोड्यांची यादी देऊन ती पाठ करावयास सांगणे ही चुकीची रीत होय. कळांनाही एक व्याकरण असते, आणि ते उपसर्गांसारखे चालते. संस्कृतात 'हृ' या एकाच धातूपासून निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात. कळफलकावर टॅब या एकाच कळीचे असेच घडते. नुसता टॅब दाबला की फोकस पुढील वस्तूवर जातो. शिफ्टसह दाबला की मागील वस्तूवर येतो. कंट्रोलसह दाबला की ज्या कार्यक्रमांत अनेक पाने उघडी असतात त्यांत पुढील पान येते. ऑल्टसह दाबला की दुसरा कार्यक्रम समोर येतो. आणि इन्सर्टसह दाबला की काहीही न हलता, फोकस कोठे आहे ते ऐकू येते.

यावरून उपसर्गांचे स्वभाव ध्यानात येतात. शिफ्ट दिशा उलटवतो किंवा निवड लांबवतो. कंट्रोल हातातील कागदावर काम करतो. ऑल्ट कार्यक्रमाच्या यादीपट्ट्यांकडे व खिडक्यांकडे नेतो. विंडोज कळ साऱ्या यंत्राला उद्देशून असते. विंडोज व डी दाबल्यास डेस्कटॉप येतो, विंडोज व ई दाबल्यास फाइलींचे कपाट उघडते. इन्सर्ट ही एनव्हीडीएशी बोलण्याची कळ होय. लहान कळफलकावर इन्सर्ट अडचणीची असल्यास तिच्याऐवजी कॅप्स लॉक नेमता येते.

नक्कल, कापणे, चिकटवणे आणि मागे घेणे यांच्या कळा म्हणजे कंट्रोलसह अनुक्रमे सी, एक्स, व्ही आणि झेड. लॅरी टेसलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात ही कामे संगणकावर रूढ केली, आणि झेड, एक्स, सी, व्ही ही चौकडी १९८३ सालच्या ॲपलच्या लिसा या यंत्रात दिसली. एक्सचा आकार कात्रीसारखा आहे असे डोळस विद्यार्थ्याला सांगतात. अंध विद्यार्थ्यास त्याचा उपयोग नाही. परंतु या चारही कळा डावीकडे, खालच्या ओळीत, एकीला लागून एक आहेत ही गोष्ट त्याच्या फार उपयोगाची आहे. त्याने कळ अक्षरावरून नव्हे, तर जागेवरून लक्षात ठेवावी.

नवी कळ शिकण्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा एनव्हीडीएमध्येच आहे. इन्सर्ट व एक दाबले की कळ-साहाय्य सुरू होते. त्यानंतर कोणतीही कळ दाबली असता तिचे नाव व काम सांगितले जाते, पण ते काम घडत नाही. येथे चुकण्याचे भय नसते. पुन्हा तीच जोडी दाबली की साहाय्य बंद होते. ते बंद करावयाचे राहून गेले तर सर्व कळा नुसती नावे सांगत राहतात आणि यंत्र बिघडले असा समज होतो. पुष्कळ नवशिक्यांची पहिली घबराट अशीच असते.

प्रथम शिकावयाचे पाच प्रश्न

आज्ञा देण्याआधी प्रश्न विचारता आले पाहिजेत. पुढील पाच प्रश्न बोटांत पक्के बसावेत.

१. इन्सर्ट व टी : समोरच्या खिडकीचे शीर्षक काय?

२. इन्सर्ट व टॅब : फोकस कोणत्या वस्तूवर आहे?

३. इन्सर्ट व वरचा बाण : चालू ओळ कोणती?

४. इन्सर्ट व बी : या खिडकीत एकंदर काय काय आहे?

५. इन्सर्ट व एफ बारा : वेळ काय झाली?

यांतील तिसरी जोडी मोठ्या कळफलकासाठी आहे. लॅपटॉपच्या मांडणीत तेथे इन्सर्ट व एल येते. जॉजमध्येही शीर्षक, फोकस आणि वेळ यांसाठी याच जोड्या चालतात, त्यामुळे एक स्क्रीन रीडर शिकलेल्यास दुसरा परका वाटत नाही.

पाचवा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु वैद्य जशी नाडी पाहतो तसा त्याचा उपयोग आहे. वेळ सांगण्यासाठी स्क्रीन रीडरला समोरच्या कार्यक्रमाकडे काहीही विचारावे लागत नाही. म्हणून वेळ ऐकू आली तर स्क्रीन रीडर, संश्लेषक आणि ध्वनी हे साखळीतील शेवटचे तीन दुवे शाबूत आहेत असे निश्चित समजावे.

वाचण्याची अवस्था व लिहिण्याची अवस्था

संकेतस्थळाचे पान उघडले असता एनव्हीडीए दोहोंपैकी एका अवस्थेत असतो. वाचण्याच्या अवस्थेत, म्हणजे ब्राउझ मोडमध्ये, अक्षरे लिहिली जात नाहीत. ती पानातून उड्या मारण्याच्या कामी येतात. एच दाबल्याने पुढील मथळा येतो, के दाबल्याने दुवा, टी दाबल्याने कोष्टक, बी दाबल्याने बटण आणि ई दाबल्याने लिहिण्याची चौकट. शिफ्टसह तीच अक्षरे मागे नेतात. इन्सर्ट व एफ सात दाबल्यास दुव्यांची व मथळ्यांची यादी समोर येते. लांबलचक पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसण्याऐवजी मथळ्यामागून मथळा घेत गेल्यास पानाचा आराखडा थोड्या वेळात मनात उभा राहतो.

लिहिण्याच्या अवस्थेत, म्हणजे फोकस मोडमध्ये, अक्षरे पुन्हा अक्षरे होतात. अवस्था पालटताना दोन निराळे बारीक आवाज होतात; ते ओळखावयास शिकावे. पालट आपोआप झाला नाही तर इन्सर्ट व स्पेस यांनी तो करता येतो. नाव लिहू गेले असता फोकस पानभर धावत सुटला तर वाचण्याची अवस्था राहून गेली आहे. एच दाबूनही मथळा येत नसेल तर लिहिण्याची अवस्था राहून गेली आहे. हा बिघाड नव्हे.

मौनाची चिकित्सा

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. आवाज थांबला असता पहिला नियम असा, की हात कळांवरून उचलावा. घाबरून दाबलेल्या कळा जातात कोठे हे ऐकू येत नसल्यामुळे, एखाद्या न ऐकलेल्या प्रश्नाला एंटरने होकार दिला जाण्याचा किंवा निवडलेला मजकूर पुसला जाण्याचा धोका असतो. काही सेकंद थांबावे. कार्यक्रम कामात गुंतलेला असेल तर तो तेवढ्यात मोकळा होतो. पत्राला आरंभीच नाव देऊन ठेवले असेल तर कंट्रोल व एस दाबावे. बोलणे बंद असले तरी कार्यक्रम पुष्कळदा चालूच असतो, आणि मग पत्र मुकाट्याने जतन होते. लेखनास आरंभ करण्यापूर्वी फाइलीला नाव देण्याची सवय याचसाठी लावून घ्यावी.

यानंतर नाडी पाहावी, म्हणजे वेळ विचारावी. उत्तर आले तर दोष पहिल्या दोन दुव्यांत आहे. ऑल्ट व टॅबने दुसऱ्या कार्यक्रमात जाऊन परत यावे. हरवलेला फोकस बहुधा एवढ्याने सापडतो. शीर्षक विचारावे, एखादी लहान खिडकी न सांगता पुढे आलेली असू शकते. ती इन्सर्ट व बी यांनी संपूर्ण ऐकावी आणि मगच तिला उत्तर द्यावे.

वेळेचे उत्तर आले नाही तर इन्सर्ट व एस दाबावे. ही जोडी बोलण्याची पद्धत बदलते : सतत बोलणे, विचारल्यावरच बोलणे, गप्प राहणे आणि नुसते टिकटिक आवाज करणे. ती नकळत दाबली गेल्याने गप्प झालेला एनव्हीडीए ती पुन्हा दाबत गेल्यास बोलू लागतो.

तरीही मौन राहिले तर कंट्रोल, ऑल्ट व एन दाबून एनव्हीडीए नव्याने सुरू करावा. स्थापनेच्या वेळी डेस्कटॉपवर त्याचे चिन्ह ठेवले असल्यास ही जोडी चालते. जुनी प्रत अडकली असली तरी तिला बाजूस सारून नवी प्रत सुरू होते. सुरू होताना एक छोटी धून वाजते. धून ऐकू आली पण बोलणे आले नाही, तर ध्वनीचे उपकरण ठीक असून दोष संश्लेषकात असण्याचा संभव मोठा.

धूनही ऐकू आली नाही तर दुसरा साक्षीदार बोलवावा. विंडोजमध्ये नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर मुळातच असतो. विंडोज, कंट्रोल व एंटर या तीन कळांनी तो चालू होतो व त्यांनीच बंद होतो. नॅरेटर बोलला तर दोष एनव्हीडीएकडे आहे, आणि तोवर नॅरेटरच्या साहाय्याने काम पुढे नेता येते. नॅरेटरही गप्प राहिला तर दोष बहुधा शेवटच्या दुव्यात असतो. इअरफोनची तार काढून पुन्हा घालावी, ध्वनी वाढवण्याची कळ दाबावी, आणि जवळपास एखादा ब्लूटूथ इअरफोन चालू राहून सारा आवाज तिकडे जात नाही ना हे पाहावे. शेवटच्या कारणाने हताश झालेल्यांना आपला आवाज टेबलाच्या खणात सापडला आहे! यंत्राचे बटण धरून ठेवून ते बंद करणे हा अगदी अखेरचा उपाय समजावा. त्यात जतन न केलेले सारे जाते.

या क्रमात दोन तत्त्वे आहेत. प्रत्येक परीक्षेने साखळीचा एक भाग निर्दोष ठरून शंकेचे क्षेत्र लहान होते. आणि एका वेळी एकच बदल केला जातो, त्यामुळे कोणत्या उपायाने गुण आला ते कळते. चार गोष्टी एकदम करून पाहणाऱ्याचे यंत्र सुरू झाले तरी त्याच्या ज्ञानात भर पडत नाही.

यंत्र बोलते, पण भलतेच वागते

काही तक्रारींत मौन नसते, विपरीत वर्तन असते. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली गेल्यास विंडोज 'स्टिकी कीज' ही सोय देऊ करते. तिला नकळत होकार दिला गेला तर कंट्रोल किंवा ऑल्ट सोडल्यावरही दाबलेलीच मानली जाते आणि साधी अक्षरे आज्ञा होऊन बसतात. अंकफलकावरील कळा ओळ, शब्द व अक्षर वाचून दाखवण्याऐवजी अंक उमटवू लागल्या तर नम लॉक चालू आहे. एकाच कार्यक्रमात एनव्हीडीए गप्प राहतो व इतरत्र बोलतो, तर त्या कार्यक्रमापुरता त्यास झोपवले गेले आहे. मोठ्या कळफलकावर इन्सर्ट, शिफ्ट व एस यांनी तो जागा होतो. इंग्रजी लिहिताना मराठी अक्षरे उमटली तर विंडोज व स्पेस यांनी कळफलकाची भाषा पालटावी.

आणखी एक प्रकार निराळा ओळखावयास हवा. बटणावर गेले असता केवळ 'बटण' एवढेच ऐकू येते, ते कशाचे ते कळत नाही. येथे साखळीचा पहिलाच दुवा सदोष आहे : कार्यक्रम लिहिणाराने त्या वस्तूस नावच दिलेले नाही. हा दोष वापरणाराचा नव्हे आणि कितीही कळा पाठ केल्या तरी तो जात नाही. तो करणाऱ्याला कळवावा. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने माहिती व संपर्कसाधने सर्वांस वापरता येण्याजोगी असणे हा हक्काचा विषय केला आहे. आपली चूक कोणती आणि दुसऱ्याची कसूर कोणती हे वेगळे करता येणे, हेही या विद्येचे एक मोठे फळ होय. एरवी विद्यार्थी प्रत्येक अपयश स्वतःच्याच माथी घेत राहतो.

देवनागरी मजकुराच्या अडचणी

भारतीय भाषांतून काम करणाऱ्यास मौनाची आणखी तीन कारणे ठाऊक असावीत. पहिले असे, की अनेक इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर मुळी उच्चारतच नाहीत. ओळ रिकामी आहे असे वाटते. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या संश्लेषकात मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषा आहेत. आवाज बदलला की ओळ बोलू लागते.

दुसरे कारण जुन्या टंकांचे आहे. देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले, परंतु त्यापूर्वी आणि पुढेही बरीच वर्षे मराठी मजकूर अशा टंकांत लिहिला गेला की ज्यांत साठवण रोमन चिन्हांची आणि आकार मात्र देवनागरीचा असे. डोळ्यांना तो शुद्ध मराठी दिसतो. स्क्रीन रीडर साठवलेली रोमन चिन्हेच वाचतो आणि निरर्थक गलका ऐकू येतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

तिसरे कारण कागदाच्या छायाचित्राचे. कागद यंत्राखाली धरून केलेली पीडीएफ फाइल म्हणजे केवळ चित्र असते. तीत अक्षरे नसतातच. परिपत्रके आणि प्रश्नपत्रिका अशा रूपात पाठवल्या जातात तेव्हा अंध वाचकापुढे कोरे पान येते. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या आहेत व त्यांचा उपयोग करावा. तथापि मूळ लिहिलेली फाइल मागून घेणे हा अधिक चांगला उपाय होय.

अभ्यासाची रीत

दररोज तीन किंवा चारच नव्या कळजोड्या घ्याव्यात आणि त्या खऱ्या कामात वापराव्यात. पहिल्या आठवड्यात पाच प्रश्न व टॅबची पाच रूपे, दुसऱ्यात मजकुरातील हालचाल व निवड, तिसऱ्यात संकेतस्थळांचे वाचन, असा क्रम ठेवल्यास ओझे होत नाही. आठवड्यातून एकदा बिघाडाची तालीम करावी. जवळच्या कोणास ध्वनी बंद करावयास, कळ-साहाय्य चालू ठेवावयास किंवा भाषा पालटावयास सांगावे, आणि कोणता दुवा तुटला ते स्वतः शोधावे. खेळात सापडलेले कारण संकटात आठवते.

अशा तालमीचे मोल परीक्षेच्या दालनात कळते. केंद्र शासनाने २०१८ साली दिव्यांग उमेदवारांच्या लेखी परीक्षांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्याय मान्य केला होता, आणि यंत्रात काही अडचण असल्यास ती दूर करता यावी म्हणून उमेदवारास ते एक दिवस आधी तपासू द्यावे असेही म्हटले होते. त्या एका दिवसाचा लाभ कोण घेऊ शकेल? काय तपासावयाचे हे ज्याला ठाऊक आहे तो. अनोळखी यंत्रापुढे बसल्यावर त्याने आवाजाची भाषा, कळफलकाची भाषा, कळांची मांडणी, नम लॉक आणि एनव्हीडीए नव्याने सुरू करण्याची जोडी, एवढ्या गोष्टी ओळीने पाहून घ्याव्यात. त्यास दहा मिनिटे पुरतात. न पाहिल्यास परीक्षेचे तास उत्तरांऐवजी यंत्रावर खर्च होतात.

प्रारंभीच्या प्रसंगातील लिपिकेने हात उचलला, कंट्रोल व एस दाबले आणि वेळ विचारली. उत्तर नाही. इन्सर्ट व एस पुन्हा पुन्हा दाबले, आणि आवाज परत आला. शेजारच्या कळीऐवजी ती जोडी चुकून दाबली गेली होती. तिने चालू ओळ ऐकली आणि जेथे वाक्य तुटले होते तेथून पत्र पुढे लिहावयास घेतले. खोलीतील इतर कोणाच्या हे लक्षातही आले नाही.